काशीतला पिंजरा आणि तीनशे हाडं

आज मी तुमच्याशी बोलते आहे काशीतल्या आमच्या दुर्गाघाटावरून. समोर गंगा, मागे ब्रह्मचारिणी देवीचं देऊळ. पेशव्यांच्या काळापासून या भागात मराठी घरं आहेत, त्यातलंच एक आमचं. माझे वडील, अण्णा, भिक्षुकी करायचे. मी डॉक्टर झाले आणि आयुष्यभर मुलांना शरीररचनाशास्त्र शिकवलं. आजचा विषय तोच: माणसाच्या शरीराच्या आत काय आहे, हे माणसाला कळलं कसं?

सुरुवात याच शहरातून करू. सुश्रुतसंहितेत सुश्रुताला शिकवणारे गुरू म्हणजे काशीराज दिवोदास धन्वंतरी. या ग्रंथाच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, मृतदेह कसा तपासावा याची कृती आहे. देह सगळे अवयव शाबूत असलेला हवा. विषानं किंवा फार दिवसांच्या आजारानं गेलेल्याचा नको. आतड्यांतला मळ काढायचा, मुंज, कुश अशा गवतांत देह गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवायचा आणि आडोशाच्या जागी वाहत्या पाण्यात सोडायचा. सात रात्रींनी बाहेर काढायचा आणि वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. या कृतीत सुरी कुठेच नाही!

वर्गात मी मुलांना विचारायची, या पद्धतीनं काय दिसेल आणि काय निसटेल? विचार करा. त्वचेचे थर सुटतील, स्नायू दिसतील, सांधे आणि हाडं तर स्वच्छ दिसतील. पण मेंदू लवकर विरघळतो. बारीक नसा आणि रक्तवाहिन्याही टिकत नाहीत. म्हणून सुश्रुतात हाडांचं वर्णन बारकाईनं आलं आहे, आणि मज्जासंस्थेचं चित्र मात्र धूसर आहे.

हाडं किती? सुश्रुत सांगतो 300. हातापायांत 120, धडात 117, मानेपासून वर 63. आज आपण प्रौढ माणसात 206 मोजतो. मग तो चुकला का? त्यानं दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्या आहेत, म्हणून आकड्यांची थेट तुलना होत नाही. पण त्याची सगळी मोजणी आजच्याशी जुळते, असंही नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं सांगणं: ग्रंथात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्ही एकत्र आलं की ज्ञान वाढतं.

पुढे आपल्याकडे ग्रंथ राहिला, पाठांतर राहिलं, त्यावर टीका लिहिल्या गेल्या. पण प्रेताला हात लावणं मागे पडलं. युरोपातही फार वेगळं नव्हतं. दुसऱ्या शतकातल्या गॅलेननं माकडं आणि डुकरं कापून लिहिलं, आणि शतकानुशतकं तेच माणसाचं शरीर म्हणून शिकवलं गेलं. 1543 साली व्हेसालियसनं स्वतः प्रेतं उघडून दाखवलं की माणसाचा खालचा जबडा एकच हाड आहे, गॅलेन म्हणतो तशी दोन नाहीत.

आपल्याकडे हात पुन्हा पुढे झाला तो 1836 साली, कलकत्त्यात. मधुसूदन गुप्त हे मूळचे वैद्य. त्यांनी मेडिकल कॉलेजात विच्छेदन केलं. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, आणि तिथल्या पहिल्या पदवीधरांत आपले भाऊ दाजी लाड होते. पुढे इथे काशीत, हिंदू विश्वविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. भास्कर गोविंद घाणेकरांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदीत टीका लिहिली. एम.बी.बी.एस. झालेला मराठी माणूस जुना ग्रंथ नव्या शरीरशास्त्राशेजारी ठेवून वाचत होता.

आता घरचं सांगते. डिसेक्शन हॉलमधून पहिल्या दिवशी मी घरी आले, तेव्हा अण्णांनी दारातच अडवलं. "आधी नळावर जा." एवढंच बोलले. पुढे पाच-सहा महिन्यांनी, जेवताना एकदम विचारलं, "अगं, त्या टेबलावरच्या माणसांना पिंड कोण देतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहुतेक देह बेवारस असायचे. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला अण्णांनी आमच्या पितरांचं तर्पण झाल्यावर आणखी तीळपाणी सोडलं. म्हणाले, "हे तुझ्या गुरूंसाठी." मग ते दर वर्षी करत राहिले.

अण्णांनी स्वतः देहदान केलं नाही. मणिकर्णिकेला अग्नी मिळावा, ही त्यांची इच्छा होती आणि आम्ही ती पाळली. मी मात्र माझा फॉर्म भरला आहे. माझ्या मुलाला ते अजून पटत नाही. त्याचंही बरोबर आहे. काशीत राहून अग्नी नको म्हणणं सोपं नसतं. पण मला जे काही शिकता आलं, ते कुणीतरी टेबलावर होतं म्हणून. मुलाला एवढंच सांगितलं आहे, की सर्वपित्रीला तीळपाणी सोडशील तेव्हा त्या सगळ्यांनाही धर.