मूर्च्छा : काही अनुभव आणि एक चूक
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यवाहांनी मला शिक्षणावर बोलण्यास सांगितले होते. त्यांची क्षमा मागून मी आज मूर्च्छेविषयी, म्हणजे चक्कर येऊन पडण्याविषयी, बोलणार आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि एटापल्ली-अहेरीकडील शाळांतून आयुष्य वेचलेला मास्तर आहे. परंतु ह्या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती आपल्या ज्ञातीसमोरच सांगावयास हवी.

१५ ऑगस्टला ध्वजाखाली मुले रांगेत उभी असत आणि एखादे मूल हटकून कोसळे. आम्ही कांदा फोडून हुंगवीत असू. कोणी चप्पलही नाकाशी धरी. (ती बहुधा माझीच असे.) कारण मात्र साधे होते. रात्रीपासून पोटात अन्न नाही, कोस-दोन कोस चिखल तुडवीत आलेले, आणि वर तासभर स्तब्ध उभे! निश्चल उभे राहिल्याने रक्त पायांत साठते, मेंदूस कमी पोहोचते आणि शुद्ध हरपते. आडवे होताच ते पुन्हा मेंदूकडे वाहू लागते. म्हणजे पडणे हाच एका परीने निसर्गाचा उपचार होय. आपण मात्र पडलेल्यास घाईने उठवून बसवितो. पुढे आम्ही झेंड्यापूर्वी मुलांस मूठमूठ चणे-मुरमुरे देऊ लागलो, तेव्हा पडण्याचे प्रकार पुष्कळच कमी झाले.

आता ती चूक. मे महिना होता, आणि आपल्याकडचा मे म्हणजे काय हे मी सांगावयास नको. ज्ञातीतील एका मुलीचे साक्षगंध होते, मांडव पत्र्याचा. उभ्या उभ्या मुलगी पांढरीफटक पडली, घामाने डबडबली आणि कोसळली. हातपायांस दोन-चार झटके आले. "हे फेफरे दिसते," असे मी शेजाऱ्यास हळूच म्हणालो. मास्तरांचा शब्द! घटकाभरात तो वरपक्षाच्या कानी गेला आणि संबंध मोडला.

२०१९ साली माझ्यावरच पाळी आली. खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचीत असता शुद्ध गेली. ना घाम, ना अंधारी. महिनाभरात दुसऱ्यांदा तेच. घरची मंडळी म्हणाली, ऊन लागले असेल. माघातले ऊन ते कसले! नागपुरास डॉक्टरांनी छातीस यंत्र लावून २४ तासांचे ठोके नोंदविले, तेव्हा हृदय मधूनच काही सेकंद थांबत असल्याचे आढळले. पेसमेकर बसविला, म्हणून आज आपणापुढे उभा आहे. बसल्या-निजल्या, श्रम करताना किंवा पूर्वसूचनेवाचून शुद्ध गेल्यास हृदयाचा आलेख काढलाच पाहिजे, असे त्यांनी बजावले.

मी त्यांस फेफऱ्याविषयी विचारले. साध्या मूर्च्छेतही काही सेकंद झटके येऊ शकतात, पण माणूस लवकर भानावर येतो. फेफऱ्यात झटके अधिक वेळ चालतात, पुष्कळदा जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ भ्रम राहतो, असे ते म्हणाले. त्या मुलीने तर मिनिटभरात आईस ओळखून पाणी मागितले होते. मी ते डोळ्यांनी पाहिले होते! आणि समजा, फेफरे असते, तरी ते बहुधा औषधाने आटोक्यात राहते. त्यात कलंक तो कसला?

तेव्हा कोणी पडल्यास उताणे निजवून पाय उचलून धरावे, गर्दी हटवावी, पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. तेंदूपत्त्याच्या दिवसांत अंग भाजत असेल आणि बोलणे असंबद्ध असेल, तर तो उष्माघात समजून अंग ओले करीत रुग्णालय गाठावे. वारंवार चक्कर येणाऱ्या मुलीबाळींचे रक्त तपासावे. रक्तक्षय आणि सिकलसेल आपल्या दोन्ही जिल्ह्यांस नवे नाहीत.

गतवर्षी मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिचे लग्न पुढे काही वर्षांनी दुसरीकडे झाले. मी क्षमा मागितली. चहाचा कप पुढे ठेवीत ती म्हणाली, "गुरुजी, पहाटेपासून मी पाणीसुद्धा घेतले नव्हते. आई तेव्हा सगळ्यांना तेच सांगत होती."