वसतिगृहातील सोबती
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



महाविद्यालयातील स्नेहबंध पुढील आयुष्यास कसे वळण लावतात, याविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात. आपल्याकडे ते कार्य वसतिगृहांनी केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस उदार आश्रय दिला. तेथील जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, ते मात्र सर्व जातींच्या मुलांसाठी. ती मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत.

बीड जिल्ह्यात शिक्षकी करताना आम्हीही हे पाहिले. आमचा एक विद्यार्थी महाविद्यालयात गेला. परीक्षेचे शुल्क भरावयाच्या दिवशी त्याचे आईवडील ऊसतोडीसाठी दूर फडावर होते. शुल्क भरले ते खोलीतील सोबत्याने. आणि तो आपल्या समाजाचा नव्हता. आज दोघेही नोकरीत आहेत. एकाच्या घरचे कार्य दुसऱ्यावाचून होत नाही.

आपल्या नियोजित वसतिगृहात केवळ आपलीच मुले असावीत, असे काही बंधूंचे म्हणणे आहे. त्यांच्या वर्गणीमागील माया आम्ही जाणतो. तरीही निदान चौथ्या हिश्शाच्या जागा इतर समाजांतील गरजूंसाठी ठेवाव्यात, ही आमची नम्र विनंती आहे. भाऊबंद आपल्या मुलास जन्मतःच लाभले आहेत. वसतिगृहाने त्यास त्यापलीकडचा भाऊ द्यावा.