मागे न फिरणारा प्रकाश



वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलेलं सूत आठवा. सूत सैल पडो, ताणलं जावो, फेरे सात घातले असतील तर सातच राहतात. साडेसहा कधीच होत नाहीत. फेरा कमी करायचा तर सूत तोडावंच लागतं. टोपोलॉजी हे अशा चिवट आकड्यांचं गणित. ते प्रकाशालाही लागू पडतं, याचं मला आजही नवल वाटतं.

पदार्थात एकच नक्षी ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा आली, की काही रंगांच्या प्रकाशाला आत शिरकावच मिळत नाही. हा फोटॉनिक स्फटिक. उदाहरणार्थ, मोरपिसात निळं रंगद्रव्य नसतं. मेलॅनिनच्या सूक्ष्म काड्यांची जाळी तो रंग दाखवते. असे स्फटिक मुद्दाम घडवण्याची कल्पना 1987 साली एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडली.

पण अशा स्फटिकात प्रकाशासाठी वाट कोरली, तरी वळणावर, ओरखड्यावर थोडा प्रकाश मागे फिरतोच. कारण प्रकाशाला जायची वाट तीच यायची वाट असते. ही सममिती चुंबकानं मोडता येईल, असं 2008 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हाल्डेन आणि रघू यांनी दाखवलं.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये त्याचा प्रयोग झाला. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या काड्या, दर चार सेंटिमीटरवर एक, चौकटीत उभ्या केल्या. बाजूला धातूची भिंत. चुंबकीय क्षेत्र लावलं आणि कडेनं मायक्रोवेव्ह सोडल्या. त्याही प्रकाशाच्याच जातीच्या लहरी. मग वाटेत धातूचा अडसर आडवा घातला. लहरी त्याला वळसा घालून पुढे गेल्या! सुताच्या फेऱ्यांसारखा इथेही एक चिवट आकडा असतो: स्फटिकाचा ‘फेरा’ एक, भिंतीचा शून्य. मधे अर्धा नसतो, म्हणून सीमेवर जणू सूत तुटतं आणि तिथेच एकेरी वाट उघडते. परतीची वाटच नाही, तर लहर फिरणार कुठे?

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर मात्र चुंबकाचा प्रभाव फार क्षीण. म्हणून 2013 मध्ये रेक्ट्समन, सेगेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबक बाजूला ठेवला आणि काचेत लेझरनं मळसूत्री वाटा कोरल्या. चुंबकाचं काम त्या पिळानं केलं. कडेची एक वाट गाळली होती, तरी प्रकाश तिला वळसा घालून पुढे गेला. तो होता 633 नॅनोमीटरचा, साध्या डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश.