लाइन पाठ होईपर्यंत

(रेल्वेत नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींच्या स्वागतासाठी गणेशोत्सवात झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



भाषण एकाने करायचे असते, पण हे आम्ही दोघांनी बसून लिहिले आहे. आमच्यातल्या एकाने छत्तीस वर्षे एंजिनावर काढली आणि दुसरीने त्यात दोन कमी, इतकी वर्षे रात्री-अपरात्री डबा भरला. म्हणून 'आम्ही' म्हटले की दोघेही समजावे.

यंदा नांदेड, परभणी, लातूर, जालना या बाजूंची बरीच मुले असिस्टंट लोको पायलट होऊन इकडे आली आहेत. इथल्या जुन्या मराठी घरांना, म्हणजे ज्यांचे आजोबा-पणजोबा निजामाच्या काळात आले आणि ज्यांची मुले विवेकवर्धिनीत शिकली त्यांना, प्रश्न पडतो की ही मुले थेट इथेच कशी येतात. कारण साधे आहे. नांदेड विभाग 2003 साली झाला आणि तो दक्षिण मध्य रेल्वेत आहे, म्हणजे मुख्यालय सिकंदराबाद. भरतीचा फॉर्म एकाच बोर्डाचा भरता येतो. मुलगा म्हणतो, सिकंदराबाद बोर्ड घेतले की नांदेडला नेमणूक मिळेल, आईच्या हातचे जेवू. मग दोन परीक्षा, अभियोग्यता चाचणी, कागदपत्रे आणि चष्म्याशिवाय दोन्ही डोळे सहा-बाय-सहा मागणारी वैद्यकीय तपासणी. 2024 च्या जाहिरातीत आधी 5,696 जागा होत्या, त्या पुढे 18,799 झाल्या, म्हणून पुष्कळांचे नशीब उघडले. आणि हातात ऑर्डर पडते ती काझीपेटची, नाहीतर बेल्लमपल्लीची. नकाशात बोट ठेवून आई विचारते, हे कुठे आले रे?

आमच्यावेळीही हेच झाले. 1986 साली डिझेल असिस्टंट म्हणून काझीपेटला आलो तेव्हा अंगावर एक स्वेटर, ट्रंक आणि तिखट-मीठ लावलेल्या दशम्या. तेव्हा परभणीकडची लाइन मीटरगेज होती. गावी जायचे तर आधी सिकंदराबाद, मग तिथून छोट्या गाडीत रात्र काढायची. रेल्वेत नोकरी आणि घरी जायला मात्र दीड दिवस, याचे आमच्या वडिलांना फार हसू येई.

खोली मिळेना. एकटा मुलगा, त्यात रात्री दोनला जाणार, दुपारी अकराला येणार आणि दिवसा झोपणार. घरमालकांना ते पटत नसे. शेवटी तिघांनी मिळून एक खोली घेतली. तिघांची ड्युटी वेगवेगळी, म्हणून खाट एकच पुरली.

आता जी गोष्ट सांगायला आलो ती सांगतो. नव्या सेक्शनवर कोणालाही एकदम गाडी देत नाहीत. आधी रस्ता शिकावा लागतो. जाणत्या ड्रायव्हरच्या मागे उभे राहून जायचे-यायचे, दिवसा आणि रात्रीही. सिग्नल कुठे आहे, कोणता सिग्नल वळणामागे लपतो, चढ कुठे सुरू होतो, भरलेली कोळशाची गाडी कुठे ओढ घेते आणि कुठे मागून ढकलते, हे पाठ झाले की सही करायची: मला हा रस्ता माहीत आहे. ती सही केल्याशिवाय गाडी नाही. पुढे तीन महिने त्या रस्त्यावर गेलो नाही, तर परत शिकायला जावे लागते. कितीही जुना माणूस असो.

काझीपेट ते बल्लारशाह हा सव्वादोनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता असा पाठ केला. जम्मिकुंटा, पेद्दपल्ली, रामगुंडम, मंचेरियाल, मग बेल्लमपल्लीचा कोळसापट्टा, सिरपूर कागजनगर, आणि विरूर आले की पाटीवरची भाषा बदलते. वर्धा नदी ओलांडली की बल्लारशाह. पण आमच्या मनात बसला तो त्याआधीचा, रामगुंडम सोडल्यावरचा गोदावरीचा पूल. पहिल्यांदा पहाटे त्या पुलावरून गेलो तेव्हा जुन्या ड्रायव्हरने विचारले, कुठला तू? सांगितले, परभणीकडचा. तो म्हणाला, मग हे पाणी तुझ्याकडूनच आले. तेलुगू माणूस, हिंदी मोडकी, पण त्या दिवशी त्याने मला निम्मे घर परत दिले. तेव्हापासून पुलावर सिग्नलचा पुकारा करून झाला की मनातल्या मनात नदीला हात जोडत असू.

हे झाले एंजिनावरचे. 1988 साली लग्न झाले, बिऱ्हाड आले आणि लक्षात आले की घराला कोणी रस्ता शिकवत नाही. बायको गाडीतून उतरते, कुलूप उघडते आणि त्याच रात्री एक वाजता दारावर थाप पडते. कॉल बॉय वही घेऊन उभा. आता मोबाइलवर निरोप येतो, तेव्हा माणूस यायचा. नवरा लाइन बॉक्स उचलून गेला की परत कधी येईल हे त्यालाही माहीत नाही. शेजारीण पाणी मागते ती 'नीळ्ळु' म्हणते, डाळीला 'पप्पू', मिठाला 'उप्पू'. पहिल्या आठवड्यात पप्पूच्या जागी उप्पू आणले, दोन किलो. हैदराबादला आल्यावर मात्र बाजारात कोणी 'नक्को' म्हणाले की बरे वाटले. आपलेच 'नको' टोपी घालून फिरते आहे.

दिवसा नवरा झोपतो. खिडकीला चादर, कुकरची शिटी नाही, मूल रडले तर कडेवर घेऊन बाहेर. कॉलनीतली पोरे गोट्या खेळायला आमच्याच ओट्यावर यायची; त्यांना ओरडायचेही हळू आवाजात. बाहेरगावी आठ तास काम करून आला तर रनिंग रूममध्ये आठ तास विश्रांती आणि मुख्यालयी सोळा तास, असा नियम आहे. पण ते सोळा तास घरचे नसतात, झोपेचे असतात. हे समजायला आम्हाला वर्ष लागले आणि तोवर भांडणे पुष्कळ झाली.

1990 च्या पावसाळ्यात मुलाला ताप भरला. दीड वर्षाचा होता. क्वार्टरमध्ये फोन नव्हता, नवरा बल्लारशाहला. झटका आला तेव्हा शेजारची तेलुगू बाई चप्पलही न घालता मूल घेऊन पळाली आणि मागून मी. दवाखान्यात रात्र गेली. लॉबीत निरोप दिला होता, तो पोहोचलाच नाही. मालगाडी घेऊन हे दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, तेव्हा दाराला कुलूप. चौदा तासांपूर्वीची बातमी रस्त्यावरच्या भाजीवाल्याने सांगितली.

मुलगा वाचला. आज तो चांगला आहे, इथेच बसला आहे, म्हणून हे सांगता येते. पण त्या आठवड्यात राजीनाम्याचा कागद लिहून झाला होता. बदलीचाही विचार झाला, पण स्वतःच्या अर्जावर दुसऱ्या झोनमध्ये गेलात तर तिथल्या यादीत तळाला बसावे लागते. अदलाबदलीला आमच्या बाजूचे कोणी मिळाले नाही. कागद दोन दिवस देव्हाऱ्यात होता. मग आमच्यातली दुसरी म्हणाली, "द्यायचा तर द्या, पण कारण म्हणून माझे नाव लिहू नका. मला आता इथले दवाखाने माहीत झालेत." कागद गणपतीच्या निर्माल्याबरोबर गेला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. रेल्वे मुलाला रस्ता शिकवते. घराला रस्ता शिकवणे हे आपल्यासारख्या जुन्या घरांचे काम आहे, आणि ते आपण नीट करत नाही. वर्गणी मागायला नव्यांकडे जातो, पण दूध कुठे चांगले, रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, शाळेत तेलुगू सक्तीचे आहे तर शिकवणी कोण घेते, हे सांगायला जात नाही.

बिऱ्हाड केव्हा आणावे यावर आम्हा दोघांचे एकमत नाही. एकाचे मत, सहा-आठ महिने एकट्याने काढावेत, रस्ते शिकून होऊ द्यावेत, झोपेची घडी बसू द्यावी. दुसरीचे मत, लगेच आणावे. दोघांनी एकदमच नवखे असलेले बरे, नाहीतर तो जाणता होतो आणि ती कायम पाहुणी राहते. छत्तीस वर्षांत मिटले नाही, ते आज मिटणार नाही. तुम्ही तुमचे ठरवा. पण ठरवताना तिला विचारा.

मुलींसाठी दोन शब्द. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये सहायक ड्रायव्हर झाल्या आणि 2023 मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. त्यांचे नाव सगळे घेतात, पण एंजिनात शौचालय नाही हे कोणी बोलत नाही. आता काही एंजिनांत बसवू लागले आहेत. तोवर पाणी कमी पिऊ नका. आमच्या ओळखीत त्याने मूतखडे झालेले पुरुषसुद्धा पुष्कळ आहेत. आणि खोली घेताना घरमालकाला ड्युटीचा तक्ता आधीच दाखवा. रात्री दोनला मुलगी बाहेर पडली की गल्लीत जे बोलले जाते, ते थांबवायला शेजारी एक तरी मराठी काकू असावी. मंडळाने तेवढे बघावे.

रजेचे सांगून ठेवतो. गौरी-गणपतीत रजा सगळ्यांनाच हवी असते, ती सगळ्यांना मिळत नाही. छत्तीस वर्षांत प्रतिष्ठापनेला घरी होतो ती अकरा वर्षे. उरलेल्या वर्षी घरातल्या बाईने गणपती बसवला आणि भटजींनी कुरकूर न करता सांगितला. तुमच्या बायकोला पूजा येत असू द्या.

कार्यकारिणीला दोन मागण्या. एक, मेट्टुगुडा, चिलकलगुडा, लालागुडा या भागांत ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांची यादी मंडळाच्या फळ्यावर लागावी. आमच्या वरच्या मजल्यावरची खोली त्यात पहिली लिहा; भाडे नंतर बोलू, डबा दोघांचा होईल. दुसरी, रात्रीची आरती आठला होते तेव्हा निम्मी मुले लाइनवर असतात. आज इथे नऊ जण आहेत, तेरा यायचे होते. चौघांना दुपारीच कॉल आला. ती मुले उद्या पहाटे परततील. प्रसादातले चार वाटे झाकून ठेवा, सकाळी आम्ही नेऊन देतो.