हलाल आहे, तय्यब आहे का?



बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा-भूम भागात भट्ट्यांवर खवा आटवला जातो. आपल्या लग्नांच्या मिठाईत, काही घरांत ईदच्या शीरखुर्म्यातही तो असतो. घेताना आपण हलालचं बघतो. पण दीनमध्ये हलालच्या जोडीला तय्यब आहे, म्हणजे स्वच्छ, निर्मळ. तो प्रश्न राहून जातो.

एका ईदला आमच्या घरी जेवणानंतर तीन तासांत सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. अम्मी सारखी म्हणत होती, "मी तर खवा दुधात उकळला होता!" तिचं खरं होतं, तरी उपयोग नव्हता.

स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू आपल्या नाकात, फोडांत, बोटांच्या जखमांत असतो. भट्टीवर तो मरतो. पण गार झालेल्या खव्यात हातांतून तो पुन्हा जातो. खवा तासन्‌तास उकाड्यात राहिला की तो वाढतो आणि विष सोडतो. नंतर उकळलं तर जिवाणू मरतो, विष उरतं. वास, चव बदलेलच असं नाही.

म्हणून जखमी हात खव्याला लागू नये. खवा लवकर गार करून ५ अंशांखाली ठेवावा. दिवसभर बाहेर राहिलेला फेकून द्यावा.

भट्टीवर राबणाऱ्या आया-बहिणींना दोष देऊ नका. वर्गणी काढून त्यांना शीतपेटी घेऊन द्या. खिलवणं सवाबाचं काम आहे. खाणाऱ्याची तब्येत सांभाळणंही त्यातच आलं.