अर्धवट किट विकताना
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलंय, ‘पाच मिनिटं बोल. शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग.’ माझा धंदा रेडिओ, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचा. तेव्हा एका विक्रीची हकिकत सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातून गेलेल्या मित्राला आवाजाचं वेड होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. गॅदरिंगला माइक त्याच्याच ताब्यात असायचा. त्याच्या माळ्यावर वहिनींना एक खोकं सापडलं. स्वतः जोडायच्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरचं किट, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. उजवी बाजू जोडून झालेली, डावी जवळपास कोरी. वहिनी म्हणाल्या, “भावजी, भंगारात नाही घालायचं. कुणीतरी वाजवेल असं बघा. आणि किंमत काय येईल ते खरं सांगा.”

न उघडलेलं किट विकणं सोपं, वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर विकणं त्याहून सोपं. ऐकायचं आणि पैसे मोजायचे. अर्धवट किटचं तसं नसतं. घेणाऱ्याला दुसऱ्याच्या हातच्या प्रत्येक सोल्डरवर भरवसा ठेवावा लागतो. एक सांधा वरून धरलेला आणि आतून सुटा असला, किंवा एक कंडेन्सर उलटा बसला असला, तरी सगळं काम वाया जाऊ शकतं. म्हणून विकणाऱ्याचं पहिलं काम एकच : काम कुठे थांबलंय ते नेमकं सांगणं.

मी यादी घेऊन सुटे भाग मोजले. १८-०-१८ व्होल्टचा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर होता. २एन३०५५ जातीचे चार पॉवर ट्रान्झिस्टर होते. त्यांतले दोन अभ्रकाची चकती मध्ये घालून हीटसिंकवर नीट कसलेले होते. ती चकती नसेल, तर ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग, म्हणजेच त्याचा कलेक्टर, थेट हीटसिंकला चिकटतो आणि शॉर्ट होऊ शकतो. मल्टिमीटरने तपासलं, ठीक होतं. पीसीबीचे फोटो दोन्ही बाजूंनी काढले. वरच्या बाजूला भाग दिसतात, पण हात कसा होता ते खालच्या बाजूला कळतं.

वीज मात्र थेट दिली नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिले की आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर ते फुटूही शकतात. ‘कंडेन्सर बदला, मगच लावा आणि पहिल्यांदा लावताना ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा,’ असं कागदावर लिहून दिलं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर बरं. लखलखीत पेटून राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

मग किंमत काढली. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि कॅबिनेट जुन्या मालाच्या भावाने धरले. सोल्डर झालेल्या भागांचे जवळपास काहीच नाही. मजुरी शून्य. सगळे मिळून १,५०० रुपये. वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “इतक्या रात्री जागून करायचे, त्याचं काहीच नाही?” मी म्हटलं, “बाजारात नाही, वहिनी.” दुसरं काही सांगणं मला जमलं नसतं.

घ्यायला आली डिप्लोमाला शिकणारी एक मुलगी. स्वतःचा मल्टिमीटर घेऊन आली होती. तिने आधी किटबरोबरचा सूचनांचा कागद मागितला. त्यावर आपल्या मित्राने झालेल्या प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलने खूण केली होती. डाव्या बाजूला एकच खूण, पहिल्या रेझिस्टन्सपाशी. अमेरिकेतल्या हीथकिट कंपनीने १९४७ साली ऑसिलोस्कोपचं किट विकायला काढलं. पुढे त्यांच्या पुस्तिकांत प्रत्येक पायरीपुढे अशीच खुणेची जागा ठेवलेली असे. ती खूण का लागते, ते त्या दिवशी समोर दिसलं. मुलगी म्हणाली, “हा कागद नसता तर मी नसतं घेतलं, काका.”

वहिनींना मात्र तो कागद द्यायचा नव्हता. अक्षर त्याचं होतं. शेवटी कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आणली. मूळ कागद घरी राहिला, प्रत किटबरोबर गेली. मजुरी शून्य धरली होती, पण १,५०० रुपये आले ते त्या खुणांमुळेच.

आपले विज्ञानाचे सर समोर बसलेत. प्रयोगवहीत उत्तर जुळवून लिहिलं की सर वही परत करत. जे दिसलं तेच लिहा, म्हणत. त्या मित्राने ते शेवटपर्यंत पाळलं, हे सरांना कळावं म्हणून ही हकिकत सांगितली.

बाकी तुम्हा सर्वांना एवढंच सांगणं. आपल्या वयात प्रत्येकाच्या माळ्यावर एखादं अर्धवट खोकं असणारच. पूर्ण करता आलं तर उत्तमच. नाही तर विकून टाका, कुणाला तरी देऊन टाका. पण त्याआधी आत एक चिठ्ठी ठेवा : काय झालंय, काय राहिलंय, काय तपासलेलं नाही. हे काम फक्त आपल्यालाच करता येतं, आणि आपण आहोत तोवरच.