पाच वाजताची गाडी



पत्रिकेवर आजचा विषय 'विद्यापीठातलं विद्यार्थीजीवन' असा छापला आहे. तो वाचून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो मोताळ्याकडे शेती करतो. म्हणाला, "सर, विद्यापीठावर बोलून राह्यले म्हणे तुम्ही. पण आपण ते पाह्यलं कुठी?" खरंच आहे. त्याच्या पदवीवर अमरावती विद्यापीठाचा शिक्का आहे, पण विद्यापीठाचं फाटक त्यानं आजवर पाहिलेलं नाही. पदवीचा कागदसुद्धा कॉलेजच्या खिडकीवरच मिळाला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक मुलामुलींचं हेच आहे. बुलढाण्याहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर. 1 मे 1983 ला तिथं विद्यापीठ झालं, त्याआधी तर आपली कॉलेजं नागपूरला जोडलेली होती. म्हणजे आणखी दीडशे किलोमीटर. एवढ्या लांबच्या त्या नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरूपदावर मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचा शेतकऱ्याचा मुलगा जाऊन बसला, 1966 ते 1972. डॉ. वि. भि. कोलते. महानुभाव साहित्याचे एवढे मोठे अभ्यासक. त्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो, घ्यायलाच हवं. पण त्याच काळात त्यांच्या तालुक्यातली इतर मुलं परीक्षेचा फॉर्म भरण्यापुरतीच विद्यापीठाशी जोडलेली होती, हेही लक्षात ठेवू.

सिनेमात कॉलेज म्हटलं की कट्टा, कँटीन आणि होस्टेल. आपल्याकडचं विद्यार्थीजीवन इमारतीत कमी आणि एस. टी.त जास्त झालं. 'अपडाऊन' हा शब्द आपल्या मुलांनी मराठीत असा मुरवलाय की तो परका वाटतच नाही. "होस्टेलवर राहतो का?" "नाही, अपडाऊन करतो." रात्री गावात थांबलेली मुक्कामी गाडी सकाळी सहाला निघते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते. पुढच्या थांब्यावर चढणाऱ्या मैत्रिणीसाठी दप्तर शेजारच्या जागेवरून उचललं जात नाही. चार गावांची मुलं एका गाडीत भेटतात, आणि त्या गावांचा एरवी एकमेकांशी संबंध असतो तो लग्नाचा नाहीतर बांधाच्या भांडणाचा. नोट्सची देवाणघेवाण गाडीत होते, प्रेमं गाडीत जमतात आणि बहुतेक वेळा गाडीतच मोडतात. आज कोण आलं नाही, हे आमच्या हजेरीपटाआधी कंडक्टरला कळतं.

आणि पासाचा हिशेब बघा. बारावीपर्यंत मुलीला एस. टी.चा पास फुकट. ती पदवीच्या पहिल्या वर्षाला आली की एक तृतीयांश भाडं भरून पास काढायचा. रक्कम फार नसते. पण घरात मुलीला पुढे शिकवायचं की नाही याची चर्चा नेमकी त्याच जूनमध्ये चालू असते, आणि तिथं ही छोटी रक्कमसुद्धा बोलते.

आता माझी एक चूक सांगतो. कॉलेजात मी नऊ वर्षं एकांकिका बसवल्या. तालीम चार वाजता, तास संपल्यावर. मंचावर नेहमी गावातलीच, म्हणजे शहरात राहणारी मुलं. मुलींच्या भूमिका तर ठरलेल्या दोनतीन वसाहतींतल्याच मुलींकडे. खेड्यावरच्या मुलींना हौस नाही, असं मी स्टाफरूममध्ये बेधडक सांगायचो. एकदा एका मुलीचं वाचन ऐकून मी चकितच झालो. तिला म्हटलं, उद्या चारला ये. ती म्हणाली, "सर, मले पाचची गाडी हाय. ते चुकली त सातची. अन् सातची फाट्यावरच सोडते." फाट्यापासून तिचं गाव तीन किलोमीटर, अंधारात. नऊ वर्षं ज्याला मी हौशीचा अभाव समजत होतो, ते एस. टी.चं वेळापत्रक निघालं.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला. त्या पुस्तकावर मी वर्गात दरवर्षी तावातावानं बोलत असे, आणि चार वाजता तालीम लावत असे.

पुढच्या वर्षीपासून तालीम अकराला घेतली. दोन तास बुडत. इतिहासाच्या सरांशी माझं त्यावरून वाजलं, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्या वर्षी एकांकिकेत पाच मुली होत्या, पाच वेगवेगळ्या गावांच्या.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला जायचं म्हणजे आमच्या मुलांना पंढरीच वाटते. दिवस बहुधा सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावरचे, त्यामुळे मूकाभिनयातला मुख्य मुलगा ऐनवेळी "बापानं सोडलं नाही" म्हणून गळतो. लोकनृत्य, समूहगान, प्रहसन, नकला, वादविवाद, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम, सगळं तिथं असतं. तिथून निवडलेली मुलं 2003 पासून चालू असलेल्या 'इंद्रधनुष्य'मध्ये राज्यातल्या इतर विद्यापीठांसमोर उभी राहतात. मी दोनच गोष्टी सांगतो. एक, वक्तृत्वाच्या मंचावर आमचा मुलगा गळ्याशी गुंडी लावून पुस्तकी मराठी बोलतो आणि निम्म्यात अडखळतो. तोच संध्याकाळी प्रहसनात वऱ्हाडी बोलायला लागला की मंडप डोक्यावर घेतो. परीक्षकांनी वक्तृत्वातही त्याची वऱ्हाडी ऐकायची तयारी ठेवावी, असं मला फार वाटतं. दुसरी गोष्ट, कित्येक मुलींसाठी घर आणि नातेवाईक सोडून बाहेर काढलेली ती पहिली रात्र असते. बक्षीस मिळो न मिळो, वर्गभर सतरंज्या टाकून त्या रात्री दोनपर्यंत गप्पा मारतात. मी कधी झोपा म्हणून ओरडलो नाही.

कॉलेजातल्या निवडणुकांबद्दल विचाराल, म्हणून थोडक्यात. मुंबईत 1989 साली ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. अशा हिंसाचारानंतर राज्यात थेट निवडणुका बंद पडल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं प्रतिनिधी गुणांवरून नेमले जाऊ लागले. वर्गात पहिला आलेला मुलगा प्रतिनिधी! तो बिचारा बहुधा सगळ्यात कमी बोलणारा. 2016 च्या कायद्यानं निवडणुका परत आणल्या, 2019 मध्ये त्या व्हायच्या होत्या, पण पूर आणि विधानसभेची निवडणूक यांत त्या लांबल्या आणि मग कोरोना आला. आज इथं बसलेल्या पंचेचाळिशीच्या आतल्या कुणी कॉलेजात मतपेटी पाहिली असेल, असं मला वाटत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मात्र कॉलेजातली मुलं बूथ सांभाळतात.

कट्टा नाही, निवडणूक नाही, मग आजची मुलं जमतात कुठे? पहाटे मैदानावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर धावत असतात, पोरी आठशे मीटर, कुणाच्या हातात गोळा. कुणाचं घड्याळ, कुणाची शिटी, नेमलेला गुरू कुणीच नाही. गेल्या भरतीत थोडक्यात हुकलेला दादा यंदाच्यांना शिकवतो. दिवसा हीच मंडळी अभ्यासिकेत. तिथं महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची, एक दिवा आणि भिंतीवर 'शांतता राखा'. कॉलेजात ती नावापुरती आहेत. आम्ही प्राध्यापक त्यांना 'अनियमित' म्हणतो. पण इतकी नियमित मुलं मी वर्गात पाहिलेली नाहीत. त्यांच्या मैत्रीत एक वेगळा गोडवा आहे आणि एक अवघडलेपणही. दहा जण एकत्र धावतात आणि जागा एक असते.

वर्गाबाहेरच्या काही कामांची नोंद आता कागदावरही होते. नव्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांना आता श्रेयांक मिळतात. चांगलंच आहे. मला भीती एवढीच, की फावड्याबरोबर फोटो काढून श्रेयांक घेणारा आणि खड्डा खणणारा, दोघं कागदावर सारखेच दिसतील.

ही राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240, आणि एक सात दिवसांचं शिबिर. मी अकरा शिबिरं घेतली. सकाळी प्रार्थना आणि श्रमदान, दुपारी एखादं व्याख्यान ज्यात निम्मी मुलं पेंगतात, रात्री गावकऱ्यांसमोर भारूड, नकला, गाणी. हे वेळापत्रक दिल्लीहून आलं असं आपण समजतो. पण दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात हसवत हसवत झोडायचं, हा क्रम वऱ्हाडात एका माणसानं या योजनेच्या कितीतरी आधी पायी फिरून रुजवला होता. 2005 पासून आपल्या विद्यापीठाला त्याच गाडगेबाबांचं नाव आहे. नावं बरीच दिली जातात, हे एक मात्र बसलं.

शिबिरात मुलांना पहिल्यांदा कळतं की दुसऱ्याच्या घरची भाकरी कशी असते. घाटावरची पोरगी घाटाखाली खारपाणपट्ट्यातल्या गावात जाते, विहिरीचं खारट पाणी तोंडात घेते आणि थुंकते. मग त्या गावच्या बाया हसतात आणि प्यायचं पाणी कुठून आणावं लागतं ते दाखवायला घेऊन जातात. भूगोलाच्या पुस्तकात तो पट्टा तिनं परीक्षेपुरता रंगवलेला असतो.

अशाच एका शिबिरात तिसऱ्या रात्री एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. आमच्या एका मुलीचे वडील. थंडीचे दिवस, कानाला मफलर, चेहरा कडक. मुलीला घ्यायला आलो म्हणाले. गावात कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, कार्यक्रम चालू आहे, संपला की न्या. ते मागं, शाळेच्या पायरीवर बसले. मुलगी भारुडात सासूचं काम करत होती आणि तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. कंबरेवर हात ठेवून ती सुनेला जे बोलत होती, ते ऐकून पुढच्या बाया डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. कार्यक्रम संपला तेव्हा साडेदहा वाजले होते. जेवता का विचारलं तर जेवले. एवढ्या रात्री कुठं जाता म्हटलं, तर वर्गखोलीच्या व्हरांड्यात मुलांच्या शेजारी घोंगडी घेऊन आडवे झाले.

सकाळी प्रार्थनेला उठलो तेव्हा घोंगडी घडी करून ठेवलेली होती आणि मोटारसायकल नव्हती. मी घाईनं मुलींच्या खोलीकडे गेलो. ती बाहेर हौदावर दात घासत होती.